खाजत नाही, दुखतंय

माझी ताई आधी हातांनी बोलायला लागली आणि मग तोंडाने, असं आई सांगते. त्याचं कारण आमचा दादा. तो ताईहून मोठा आणि जन्मापासून ऐकू न येणारा. भूक लागली की दादा पोटावर मूठ गोल फिरवायचा. रांगत्या वयातल्या ताईने ते पाहिलं, आणि दुधासाठी रडायचं सोडून तीही पोटावर मूठ फिरवायला लागली. मी सगळ्यांत धाकटा. मला समज येईपर्यंत या दोघांचं एक स्वतंत्र राज्य उभं राहिलं होतं आणि तिथे माझी गत परदेशी पाहुण्यासारखी होती. जेवताना दोघं हात हलवून एकमेकांना काहीतरी सांगायची, खो-खो हसायची, आणि मी विचारायचो, "काय म्हणाला? सांग ना, काय म्हणाला?" ताई घास गिळून सांगायची, "तुझ्या कानात शेंगदाणा गेलाय म्हणतोय." मी कान चाचपायचो. मग ती दोघं आणखी हसायची.

ताईच्या सोबतीने आणखी एक गोष्ट वाढली, ती म्हणजे इसब. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. कोरडी, लाल, खरखरीत कातडी आणि जीव नकोसा करणारी खाज. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. आई एकटी. सकाळी ताईच्या चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले की ती चादर गार पाण्यात भिजवायची आणि नेलकटर घेऊन ताईसमोर बसायची. शेजारपाजारचे सल्ले फुकट मिळत. "अंगातली उष्णता आहे." "आंघोळच घालू नका." "दोनदा घाला." एक काकू तर म्हणाल्या होत्या, की मोठी झाली की आपोआप जाईल. ताई मोठी झाली, इसब गेलं नाही. ते कोपरातून निघालं आणि हातांवर येऊन बसलं.

आणि हात तर तिच्या पोटापाण्याचं साधन. शिकून ती खुणांच्या भाषेची दुभाषी झाली. बँकेत, कोर्टात, शाळेच्या पालकसभेत, दवाखान्यात, जिथे ऐकू न येणाऱ्या माणसाला ऐकू येणाऱ्यांशी बोलायचं असेल, तिथे ताई मध्ये उभी. या कामाचा एक पोशाख असतो. गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा साधा सदरा. अंगठी नको, बांगडी नको, नखांना रंग नको. बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे कुठेही न जाता थेट हातांवर जावं, म्हणून. आता असा काळा सदरा घातल्यावर तिचे ते लालभडक, भेगा पडलेले हात आणखीच उठून दिसायचे. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तो माझा धंदाच आहे," असं तीच म्हणायची.

एकदा एका कचेरीत दादाचा एक मित्र पेन्शनच्या कामाला गेला होता. पेशाने सुतार, बोलायला तिखट. ताई दुभाषी म्हणून सोबत होती. टेबलापलीकडच्या साहेबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, खुर्ची हळूच मागे सरकवली आणि विचारलं, "हे पसरत तर नाही ना?"

दुभाष्याचा नियम असा, की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं समोरच्यापर्यंत पोचवायचं. आपल्याविषयी असलं तरी. ताईने चेहऱ्यावरची रेषही न हलवता साहेबांचा प्रश्न सुताराला खुणांनी सांगितला. सुताराने तो पाहिला, थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. ताईने तेही तितक्याच सरळ आवाजात साहेबांना ऐकवलं, "हे म्हणताहेत, की पसरलं तर बरंच होईल साहेब, तुम्हालाही चार खुणा यायला लागतील."

साहेब आधी ओशाळले आणि मग मनापासून हसले. काम त्याच दिवशी झालं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. मी बेकरीची गाडी चालवतो. पहाटे पाव भरायचे आणि दुकानोदुकानी टाकत फिरायचं. त्यामुळे माझ्याकडे गोष्ट आली की ती पावाबरोबर गावभर जाते.

पण दुसऱ्यांसाठी दवाखान्यात तासन्‌तास उभी राहणारी ताई स्वतःसाठी मात्र तिथे जात नसे. "खाजेने कुणी मेलंय का?" म्हणून सगळं अंगावर काढायची. कधीतरी औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली स्टिरॉइडची एक ट्यूब आणली. चार दिवसांत हात लोण्यासारखे झाले. मग काय, कुणाला न विचारता, जरा लाली दिसली की तीच ट्यूब, हातापासून मानेपर्यंत. पुढे कुणीतरी घाबरवलं, की याने कातडी पातळ होते. त्यावर हिने ट्यूब फेकून दिली आणि काहीही लावायचंच बंद केलं. इसब दुप्पट उसळून आलं. तरी ही बया गप्प.

अशातच तिला ते काम मिळालं. शहरातल्या एका वाहिनीने ठरवलं, की संध्याकाळच्या बातम्या आता खुणांच्या भाषेतही द्यायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट, चौकटीत दुभाषी. बरेच जण चाचणीला गेले आणि निवड झाली ताईची. आईने फोन करून करून नातेवाईकांना भंडावून सोडलं. दादा चामड्याच्या पिशव्या शिवतो. त्याने कारखान्यात सगळ्यांना खुणा करून सांगितलं, त्यातल्या निम्म्यांना खुणा कळत नसतानाही. आजवर घरात टीव्ही लागला की दादा ओठ हलताना बघायचा आणि कंटाळून उठून जायचा. आता बातम्या त्याची बहीण त्याच्या भाषेत सांगणार होती.

सराव सुरू झाला. ताई घरीही आरशासमोर तासन्‌तास हात हलवायची. त्यात हवा कोरडी आणि डोक्यावर ताण. बोटांच्या पेरांवरच्या भेगा उलल्या. मग त्यातून पाणी झिरपायला लागलं आणि वर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या. हात लावला तर गरम लागायचा.

"ताई, हे चिघळलंय. डॉक्टरला दाखव," मी म्हणालो.

"पहिल्या बातम्या होऊ देत रे बारक्या. मग दाखवते."

आईही तेच म्हणाली. तिलाही तिने तेच उत्तर दिलं.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही सगळे आईकडे नाश्त्याला जमलो होतो. ताई उशिरा उठून आली. अंगात कणकण होती. मानेवर आणि उजव्या गालावर, जिथे जिथे इसबाचे चट्टे होते नेमकं तिथेच, बारीक फोडांचे घोसच्या घोस उठले होते. सगळे एकाच मापाचे. काही फुटले होते आणि तिथे खोलगट, गोल, स्पष्ट कडांच्या जखमा राहिल्या होत्या, दादाच्या कारखान्यात चामड्याला भोकं पाडतात तशा. उजवी पापणी जड झाली होती.

"रात्रीत भडकलंय जरा," ताई म्हणाली. "होईल कमी."

आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. मी बडबडत होतो. दादा मात्र चहाचा कप तसाच ठेवून ताईकडे एकटक बघत बसला होता. मग त्याने टेबलावर थाप मारली. आमच्या घरात कुणाला हाक मारायची ती रीत. ताईने वर पाहिलं.

"खाजवत का नाहीस?" त्याने खुणेने विचारलं.

ताईने सुजलेल्या बोटांनी उत्तर दिलं, "खाजत नाही. दुखतंय."

दादाचा चेहराच बदलला. त्याच्या खुणा अशा वेळी मोठ्या होतात, म्हणजे तो ओरडत असतो. "मी तुला जन्मभर खाजवताना बघितलंय. झोपेत, जेवताना, परीक्षेत. आज तू हात मांडीवर ठेवून गप्प बसली आहेस. हे ते नाही. हे दुसरं काहीतरी आहे. ऊठ!"

"उद्या तालीम आहे."

"उद्याचं उद्या. ऊठ!"

ताई माझ्याकडे वळली. मी तिची बाजू घेईन असं तिला वाटलं असावं. पण एव्हाना मी किल्ली घेतली होती. पावाच्या गाडीत पुढे दोनच जागा. दादा मागे रिकाम्या ट्रेंच्या मधोमध बसला आणि आई घरी राहिली. रस्त्यात ताईने डोळ्यांवर ओढणी ओढून घेतली. "उजेड टोचतोय रे," ती म्हणाली आणि मी गाडीचा वेग वाढवला.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईला पाहिलं आणि प्रश्नांचा सपाटा लावला. ताप कधीपासून? फोड कधी दिसले? डोळा दुखतोय का, धूसर दिसतंय का? मग त्यांनी स्वतः फोन करून त्वचेच्या आणि डोळ्यांच्या अशा दोन्ही डॉक्टरांना बोलावून घेतलं. तोवर ताईच्या दोन्ही हातांवर औषध लावून पट्ट्या बांधल्या गेल्या होत्या. उजवा डोळा पूर्ण मिटला होता आणि डावाही किलकिला झाला होता.

दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याची दुभाषी त्याच्याशी बोलू शकत नव्हती. तिचे हात बांधलेले. तिला त्याच्या खुणाही धड दिसत नव्हत्या. राहता राहिलो मी, लहानपणापासून अर्धवट शिकलेला.

डॉक्टरीणबाई सावकाश सांगायला लागल्या. "इसबाची कातडी म्हणजे भेगा पडलेली भिंत. बाहेरचं काहीही आत घुसू शकतं. हातांवर त्या पिवळ्या खपल्या आहेत ना, तो जंतूंचा संसर्ग आहे. पण चेहऱ्यावरचं वेगळं आहे. तापात ओठाच्या कडेला फोड येतात ना काही जणांना? तोच विषाणू. चांगल्या कातडीवर तो एका कोपऱ्यात राहतो. इसबाच्या कातडीवर वणव्यासारखा पसरतो. यावर शिरेतून औषध लगेच सुरू करायचंय. आणि डोळ्याजवळ आलाय, म्हणून डोळा आजच तपासायचाय."

दादाने माझ्या खांद्यावर टकटक केलं. काय म्हणाल्या?

आता विषाणूची खूण मला कुठे येत होती? मी डोकं लढवलं. माझा धंदा पावाचा, म्हणून मी खुणा केल्या, 'पाव, त्याच्यावर बुरशी, भरभर पसरते.' दादाने डोळे विस्फारले.

"बारक्या," पलंगावरून ताईचा आवाज आला, "काय सांगितलंस त्याला?"

"पावाला बुरशी लागते तसं झालंय, असं."

तेवढ्या दुखण्यातही ताईला हसू फुटलं. "अरे, बुरशी नव्हे, विषाणू! आणि मी काय पाव आहे का?" मग ती डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, याला बाहेर घालवा. हा माझं दुकान बुडवेल." आणि पट्टी बांधलेला हात उचलून, कोपराने आणि खांद्याने, तिने हवेत काहीतरी रेखाटलं. ते मला कळलं नाही. दादाला कळलं. त्याने मान डोलावली आणि मला खूण केली, "विचार, उशीर झालाय का?"

मी विचारलं. डॉक्टरीणबाई सरळ दादाकडे बघून, ओठ स्पष्ट हलवत बोलल्या, "नाही. वेळेत आणलंत."

मी ते त्याला खुणांनी सांगितलं, या वेळी पाव न घालता. दादा तिथल्या स्टुलावर धपकन बसला. बऱ्याच वेळाने त्याने ताईच्या पायावर हात ठेवला, पांघरुणावरूनच.

डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून नीट पाहिलं. संसर्ग पापणीवर होता, बुबुळापर्यंत पोचला नव्हता. अजून दोनेक दिवस घरी काढले असते तर काय झालं असतं, हे मी विचारलं. "नजर कायमची अधू होऊ शकली असती," ते म्हणाले. "आणि अंगभर पसरला असता तर जिवावरही बेतलं असतं. पण आता त्याचा विचार करू नका."

ताई काही दिवस दवाखान्यात राहिली. वाहिनीवरच्या पहिल्या बातम्या तिच्याविना झाल्या. तिच्या जागी दुसरी एक मुलगी उभी राहिली होती. त्या बातम्या ताईने खोलीतल्या टीव्हीवर डाव्या डोळ्याने पाहिल्या. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बरी करते. फक्त हवामानाला घाई करते." दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून त्या मुलीला फोन लावून घेतला आणि हवामानाच्या खुणा समजावून सांगितल्या, हात बांधलेले असताना, नुसत्या तोंडाने.

घरी जायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं जाड मलम दिलं. भडकलेल्या चट्ट्यांवर लावायचं औषध कुठे, किती आणि किती दिवस, ते दाखवून दिलं. "ट्यूब राक्षस नाही आणि देवही नाही," ते म्हणाले. "सांगितली तेवढी लावा. मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका." पुढे कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पाठीवर चकत्या चिकटवून तपासणी केली, तेव्हा कळलं की ती वर्षानुवर्षं वापरत असलेल्या हात धुण्याच्या साबणातला एक पदार्थच तिला सोसत नव्हता. ताईने साबण बदलला. आईने तर घरातली ती बाटली उचलून पार कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेऊन पोचवली.

बरी होऊन ताई वाहिनीच्या कचेरीत गेली. मी सोबत होतो. तिथले निर्माते सज्जन गृहस्थ होते, पण अवघडले होते. हातांवर अजून लालसर डाग होते. "कॅमेऱ्यात जरा... म्हणजे, कातडीच्या रंगाचे पातळ हातमोजे मिळतात," ते म्हणाले. "तुम्हालाच बरं पडेल."

"हातमोजे घातले की बोटं पुटपुटतात," ताई म्हणाली. "मी लोकांना बातम्या सांगायला आलेय, कानात कुजबुजायला नाही. डाग लोकांना दिसले तर दिसू देत. शब्द दिसले पाहिजेत."

निर्माते म्हणाले, "उद्यापासून या."

त्या संध्याकाळी आमच्या घरात टीव्हीसमोर दादा होता, सुतार होता, दादाच्या कारखान्यातले ऐकू न येणारे दोघे होते. आवाज बंदच ठेवला होता, कुणाला गरज नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात काळा सदरा आणि त्यावर माझ्या ताईचे हात. दादा अथपासून इतिपर्यंत जागचा हलला नाही. शेवटी त्याने आम्हा सगळ्यांना भाजीचे भाव काय झालेत ते समजावून सांगितलं. त्याला भाजीत आजवर कधी रस नव्हता.

पण माझा ऊर खरा भरून आला तो पुढच्या गोष्टीने. दवाखान्यातून आल्यापासून ताईच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. ऐकू न येणारी माणसं डॉक्टरकडे एकटी गेली की कातडीवर बोट ठेवून खाजवून दाखवतात. डॉक्टर म्हणतात, खाज. औषध खाजेचं मिळतं. पण दुखत असेल तर? पाणी झिरपत असेल तर? दर रविवारी दुपारी ही मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. तिथे ताईने आणि दादाने विषय काढला. शहराच्या एका भागातले लोक एक खूण करायचे, दुसऱ्या भागातले दुसरी. कोणती सोपी, कोणती परक्यालाही कळेल, यावर हातघाईची भांडणं झाली, आणि ही मंडळी भांडतात ती शब्दशः हातघाईवरच येऊन. शेवटी खाज, आग, ठणका, पाणी, पू, सगळ्यांच्या वेगवेगळ्या खुणा सर्वांनी मिळून पक्क्या केल्या. घोसाने येणाऱ्या त्या फोडांची खूण दादाची आहे. बोटांची टोकं जुळवून गालावर टक-टक-टक, आणि मग मुठीने भोक पाडल्यासारखं. एकदा पाहिली की विसरत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांना ताईने त्या हॉलमध्ये बोलावून आणलं. ते बोलले, ताईने खुणांनी सांगितलं. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नेहमीच्या औषधाने हटत नसेल, झोप उडवत असेल, तर डॉक्टरला दाखवायचं. पिवळी खपली, पाणी, गरम सूज दिसली तर त्याच दिवशी. आणि ताप, दुखणारे फोड, डोळ्याजवळचं काहीही असलं तर घड्याळ न बघता थेट तातडीच्या विभागात. कुणाच्या ओठावर फोड असेल तर त्याने इसबाच्या बाळाचा मुका घ्यायचा नाही, मग तो सख्खा बाप का असेना. यावर मागच्या रांगेतल्या एका बापाने गुपचूप तोंडावर हात ठेवला आणि सगळा हॉल हसला.

कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते फोनाफोनीतून फिरत राहिलं. काही महिन्यांनी, भर दुपारी, ताई आईकडे जेवत असताना तिचा फोन थरथरला. पडद्यावर एक ओळखीची बाई. लाँड्रीत इस्त्री करते, तिला ऐकू येत नाही, बाळ लहान आणि त्यालाही इसब. ती आमच्या त्याच दवाखान्यातून बोलत होती, एका हाताने. दुसऱ्या हातात बाळ. "रात्रीपासून ताप. गालावर..." आणि तिने दादाची ती खूण केली. "मी कुणाची वाट बघितली नाही. थेट आले."

"शाबास," ताईने खूण केली. "फोन डॉक्टरांकडे वळव."

ताट बाजूला सरकवून ताईने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि काम सुरू केलं. डॉक्टरांचं बोलणं हातांनी बाळाच्या आईला, तिचं बोलणं आवाजाने डॉक्टरांना. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तिची बोटं स्पष्ट, शांत, कुठेही अडखळत नव्हती. पलीकडे डॉक्टर म्हणाले, "हिने फार लवकर ओळखलं. बाळाला आताच दाखल करून घेतो. बाळ बरं होईल." ताईने ते जसंच्या तसं पोचवलं. त्या बाईने बाळाला छातीशी धरलं आणि मोकळा हात हनुवटीला लावून पुढे नेला. आभाराची खूण, ती मलाही येते.

"नियम असा आहे," ताई तिला म्हणाली, "की दुभाष्याचे आभार मानायचे नाहीत. बाळाजवळ थांब. मी संध्याकाळी येते."

फोन ठेवून ती उठली, हात धुतले, मलम लावलं आणि गार झालेल्या जेवणाकडे वळली. मी मात्र गाडीची किल्ली उचलली. गाडीत अजून दुपारचे पाव होते, पाच-सहा दुकानं राहिली होती. त्या दिवशी प्रत्येक दुकानात पावासोबत ही गोष्ट मी टाकत गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच एक वाक्य म्हणालो, "माझी सख्खी बहीण आहे ती."